शिक्का एकाचा, संसार दोघांचा



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका सभासदांनी विचारलं होतं, "काका, तुम्ही बँकॉकला राहता ना? तो रिटायरमेंट व्हिसा म्हणे फार सोपा असतो, बँकेत पैसे दाखवायचे आणि दरवर्षी शिक्का मारून घ्यायचा. आम्हीही विचार करतोय." खाली बारा-पंधरा जणांनी अंगठे दाखवले होते. म्हणजे विचार करणारे बरेच आहेत. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. वाचायचा कंटाळा आला तर मधला हिशोब तेवढा वाचा.

आधी ओळख. माझं वय ७४. बडोद्याचा. शिक्षण एम. एस. युनिव्हर्सिटीचं बी. कॉम. बँकेत कारकून म्हणून लागलो, अधिकारी होऊन २०११ मध्ये निवृत्त झालो. पणजोबा रत्नागिरीकडून सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्याला आले आणि खानगी खात्यात कारकून झाले. दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर आजोबांनी बांधलं. ते घर आधी बडोदे संस्थानात होतं, १९४९ मध्ये मुंबई राज्यात गेलं आणि १९६० मध्ये गुजरातेत. घराने तीन राज्यं पाहिली, पण आम्हाला कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही इथे कोणत्या परवान्यावर राहता? बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे "राहण्याची परवानगी" ही काय चीज असते ते मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

चिरंजीव गेली अकरा वर्षं बँकॉकला नोकरीत आहेत. सूनबाईही नोकरी करतात. नातू झाला, आमचं येणं-जाणं वाढलं, सौ.च्या गुडघ्याला बडोद्याच्या घराचा जिना झेपेना, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं इथे राहायला आलो. मुलाच्या घरात नाही, त्याच्या इमारतीपासून चालत सात मिनिटांवर एक छोटा फ्लॅट भाड्याने घेतला. सुनेच्या संसारात आपण कायमचे पाहुणे व्हायचं नाही, हे सौ.ने आधीच बजावलं होतं.

व्हिसाचा प्रश्न तेव्हाच आला. मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्या वर्क परमिटवर तुम्हाला आई-वडील म्हणून राहता येईल, तशी तरतूद आहे." मी विचारलं, "तुझी नोकरी गेली तर?" तो हसला आणि म्हणाला, "मग आपण सगळेच जाऊ." मला ते पटलं नाही. पस्तीस-चाळीस वर्षं लोकांच्या जामीनदारांच्या सह्या तपासलेला माणूस मी. एकाच्या नोकरीवर चौघांचं छप्पर उभं करू नये. म्हणून वेगळा, निवृत्तीचा मार्ग धरला.

तो मार्ग असा आहे. वय पन्नासच्या वर हवं. नॉन-इमिग्रंट ओ नावाच्या व्हिसावर आत आलात की ९० दिवस मिळतात. ते संपायच्या आत इमिग्रेशन कचेरीत जाऊन निवृत्तीच्या आधारावर एक वर्षाची मुदतवाढ मागायची. लोक बोलताना "व्हिसा रिन्यू केला" म्हणतात, पण खरं तर ही राहण्याच्या मुदतीची वाढ असते आणि दरवर्षी नव्याने मागावी लागते. पैशाची अट म्हणजे इथल्या बँकेत स्वतःच्या नावावर आठ लाख बाथ, नाहीतर दरमहा पासष्ट हजार बाथ उत्पन्न. आपल्या बँक पेन्शनीत महिना पासष्ट हजार बाथ कुठले यायला! म्हणून ठेवीचा रस्ता.

आता ठेव म्हणजे शिक्क्याच्या दिवशी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी काढली असं चालत नाही. अर्जाच्या आधी दोन महिने पूर्ण आठ लाख खात्यात हवेत. मंजुरीनंतर तीन महिने तेवढेच हवेत. बाकीच्या सात महिन्यांतही शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. २०१९ पासून हे असं आहे. म्हणजे निम्मी रक्कम कायमची अडकलेली आणि उरलेली निम्मी वर्षातले पाच महिने अडकलेली. अर्जाच्या दिवशी बँकेचं पत्र, त्याच दिवशी नोंद करून घेतलेलं पासबुक, टीएम-७ चा फॉर्म, चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, घरमालकाने तुमची राहण्याची नोंद केल्याची टीएम-३० ची पावती, प्रत्येक पानावर सही केलेल्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणि १,९०० बाथ फी.

याशिवाय दर ९० दिवसांनी "मी याच पत्त्यावर आहे" असं कळवायचं. देशाबाहेर जायचं तर आधी परत येण्याचा परवाना काढायचा, एका वेळचा १,००० बाथ, अनेक वेळांचा ३,८००. तो न काढता बाहेर पडलात तर वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द. आणि मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड.

हे वाचून कुणाला वाटेल, केवढी कटकट! मला तसं वाटलं नाही. उलट सुरुवातीला मला यात गंमतच वाटायची. कागद, शिक्के, टोकन नंबर, हे आपलंच क्षेत्र. इथे बँकेला "थनाखान" म्हणतात. तो शब्द आपल्या "धनागार"वरून आलाय हे कळलं तेव्हा तर मी नातवाला दिवसभर पिडलं. सरकारी कागदावर सालही बुद्धाचं, २०२५ म्हणजे २५६८. पहिली मुदतवाढ २०२३ च्या फेब्रुवारीत अर्ध्या दिवसात झाली. मी मुलाला म्हटलं, "यात काय एवढं? आम्ही यापेक्षा किचकट कर्जप्रकरणं काढली आहेत."

पुढच्याच वर्षी मी नापास झालो.

झालं असं, की मधल्या महिन्यांत खात्यातून घरखर्चाला पैसे काढले होते. डिसेंबरात मी परत भर घालून बरोबर आठ लाख केले. बरोबर म्हणजे अगदी बरोबर, वर एक बाथही नाही. जास्त पैसा बिनव्याजी कशाला पडू द्यायचा, हा बँकवाल्याचा हिशोब. जानेवारीत बँकेने डेबिट कार्डाची वार्षिक फी कापली, तीनशे बाथ. शिल्लक झाली सात लाख नव्याण्णव हजार सातशे. मी पासबुक भरून घेतलं होतं, पण ती ओळ वाचली नव्हती. काउंटरवरच्या मुलीने वाचली. तिने पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ ओढली आणि पासबुक माझ्याकडे फिरवलं. काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती.

मी दोन वाक्यं बोलायचा प्रयत्न केला. तीनशे बाथ, बँकेने कापले, मी काढले नाहीत वगैरे. तिने नम्रपणे मान हलवली, नाही. बरोबरच होतं तिचं. माझ्या टेबलावर किमान शिल्लक अकरा रुपयांनी कमी म्हणून मी लोकांचे चेक परत पाठवले आहेत. तेव्हा समोरचा म्हणायचा, "साहेब, अकराच रुपये ने!" आणि मी म्हणायचो, "नियम म्हणजे नियम."

माझी मुदतवाढ गेली आणि माझ्याबरोबर सौ.चीही गेली, कारण ती माझ्यावर अवलंबून अशी नोंदलेली होती. आम्हाला मुदतीच्या आत देश सोडावा लागला. बडोद्याला येऊन पुन्हा पहिल्यापासून व्हिसा, पुन्हा ९० दिवस, पुन्हा दोन महिने पैसे ठेवणं, मग मुदतवाढ. विमानभाडं आणि बाकी खर्च मिळून तीनशे बाथांची किंमत लाखाच्या पुढे गेली. चूक सर्वस्वी माझी. पण परत येताना विमानात सौ. एवढंच म्हणाली, "तुमच्या पासबुकात चूक झाली, आणि देश मी पण सोडला. माझं काय चुकलं होतं?"

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. तो प्रश्न किती खरा आहे हे पुढच्या वर्षी कळलं.

आमच्या ओळखीत एक गृहस्थ होते, मूळचे हैदराबादचे मराठी. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा म्हातारे बागेत फिरायला जमतो, त्यात ते असायचे. २०२५ च्या सुरुवातीला ते झोपेतच गेले. वय ७६. सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर, कारण अवलंबून असणाऱ्या बायकोला वेगळी ठेव दाखवावी लागत नाही. एका ठेवीत दोघांचं काम होतं, पैसा वाचतो. आम्हीही तेच केलं होतं आणि आमचे सगळे स्नेहीही तेच करत होते.

ते गेल्यावर बँकेने खातं गोठवलं. आपल्याकडे "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असतं, नॉमिनेशन असतं. मी स्वतः शेकडो खात्यांवर नॉमिनी लिहून घेतले आहेत. इथे त्या एकट्याच्या नावाच्या खात्याला नॉमिनी नव्हता. कोर्टाकडून मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून आणल्याशिवाय पैसा हलत नाही आणि त्याला महिने लागतात. ते होईपर्यंत वहिनींकडे घरभाड्यापुरते रोख पैसे होते. आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड. त्यांचं इथे राहणं नवऱ्याच्या मुदतवाढीवर अवलंबून होतं. तो आधारच गेला. स्वतःच्या नावावर राहायचं तर स्वतःच्या खात्यात आठ लाख, तेही दोन महिने आधीपासून हवे. ते कुठून आणणार? नवऱ्याचे होते ते गोठलेले.

दहावा, तेरावा आणि सामानाची बांधाबांध त्या बाईंनी एकाच पंधरवड्यात केली. मुलगी अमेरिकेतून आली आणि त्यांना हैदराबादला घेऊन गेली. तिथलं घर त्यांनी इथे येताना विकलेलं होतं. सध्या त्या भावाकडे आहेत. ६९ वर्षांच्या बाई, भावाकडे.

मी त्या दिवसांत त्यांचे कागद बघायला मदत करत होतो. एकदा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मी तीन वर्षं इथे राहिले, पण कागदावर मी इथे नव्हतेच. मी यांच्या पासपोर्टाची पुरवणी होते." मला एकदम माझी रावपुऱ्यातली शाखा आठवली. १९८६ किंवा ८७ चा नोव्हेंबर असेल. एक म्हातारी बाई फॅमिली पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आली होती. तिच्या कागदावर आणि तिच्या नवऱ्याच्या कागदावर नावात एका अक्षराचा फरक होता. मी तो कागद परत केला. ती म्हणाली, "अरे भाऊ, मी तुझ्यासमोर बसलेय, आणखी काय हयात असतं?" मी तिला नियम समजावून सांगितला. नियम बरोबर होता. पण ती दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा भर उन्हात चालत आली होती, आणि त्या अक्षराची दुरुस्ती मी आदल्या दिवशीच तिच्याकडून प्रतिज्ञापत्र लिहून घेऊन करू शकलो असतो. मला ते माहीत होतं. फक्त पाच वाजायला आले होते.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

माझं मत, मंडळी, स्पष्ट आहे. परदेशात निवृत्तीच्या व्हिसावर राहायचं असेल तर दोघांनी आपापल्या नावावर राहावं. दोन खाती, दोन ठेवी, दोन अर्ज, दोन शिक्के. तेवढी ऐपत नसेल तर कायमचं राहायला जाऊ नये. पाहुणे म्हणून जावं, दोन-अडीच महिने राहावं, नातवंडांना भेटून परत यावं. त्यात कमीपणा काही नाही. पण एकाच्या ठेवीवर दोघांचं म्हातारपण परदेशात टांगून ठेवणं ही काटकसर नाही. त्याची किंमत मागे राहणारा चुकवतो, आणि आपल्या पिढीत मागे राहणारी बहुतेक वेळा बायको असते. आपण नवरे त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे आहोत, एवढा हिशोब सगळ्यांना येतो.

आता तो मधला हिशोब. बाथ ढोबळमानाने अडीच रुपयांचा धरू. आठ लाख बाथ म्हणजे वीस लाख रुपये. दोघांचे चाळीस लाख. हे पैसे इथे बचत खात्यात जवळजवळ बिनव्याजी पडून राहतात. आपल्याकडे सात टक्के धरले तरी चाळीस लाखांचं वर्षाचं व्याज दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला तेवीस हजारांच्या वर. ही व्हिसाची खरी फी. १,९०० बाथ ही फक्त शिक्क्याची शाई. "इथे राहणं स्वस्त आहे" असं सांगणारे हे तेवीस हजार कधीच धरत नाहीत. तुम्ही धरा. धरूनही परवडत असेल तर जरूर या.

दुसरं, भारतातली बाजू. कायमचं राहायला गेलात की फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता आणि तुमचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. हे न करता वर्षानुवर्षं जुनंच खातं वापरणारे मी किती पाहिले आहेत, त्यात बँकेतून निवृत्त झालेलेही आहेत. एनआरओच्या व्याजावर तीस टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. टीडीएस कापू नये म्हणून आपण ज्येष्ठ लोक जो फॉर्म भरतो तो अनिवासींना भरता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना नवं खातं उघडता येत नाही. आणि निवासी असताना परदेशी पैसे पाठवलेत, तर सध्या वर्षात दहा लाखांवरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस आधी कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. म्हणून पैसे केव्हा पाठवायचे आणि खातं केव्हा बदलायचं हे निघण्याआधी सीएकडे बसून ठरवा. विमानतळावरून फोन करून विचारू नका.

तिसरं म्हणजे विम्याची बाब. मी घेतला त्या ओ प्रकाराला आरोग्यविम्याची सक्ती नाही. भारतातूनच मिळणाऱ्या ओ-ए नावाच्या प्रकाराला आहे, आणि सत्तरीनंतर तेवढा विमा मिळणं कठीण व महाग. पण सक्ती नाही म्हणून गरज नाही असं नव्हे. आम्ही दोघांसाठी आजारपणाची म्हणून एक रक्कम वेगळी ठेवली आहे आणि ती व्हिसाच्या आठ लाखांत मोजत नाही. व्हिसाच्या पैशाला आजारपणात हात लावलात तर बरे व्हाल, पण मुदतवाढ जाईल.

चौथं. बडोद्याचं घर, किंवा इंदूरचं, बेळगावचं, जिथलं असेल ते, विकू नका. यावर आमच्या घरात वर्षभर वाद चालला होता. चिरंजीवांचं म्हणणं होतं की बंद घराला वाळवी लागते, भाव चांगला आलाय, विकलं तर दोघांच्या ठेवी आरामात होतील. त्याचं म्हणणं हिशोबात चूक नव्हतं. पण मी त्याला हैदराबादच्या वहिनींचं उदाहरण दिलं. बारा महिन्यांच्या परवानगीच्या भरवशावर कुणी शंभर वर्षांचं घर विकत नाही. इथे मी कितीही वर्षं राहिलो तरी या शिक्क्यातून मी इथला होत नाही. दर वर्षी पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. पणजोबा बडोद्याला आले आणि बडोदेकर झाले, तसं इथे होणार नाही. याचं मला दुःख नाही. ते लोक पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, एक वर्ष. आपणच मनात "कायमचं" असा अर्थ लावून घेतो. घराचा खालचा भाग भाड्याने दिला, वरच्या दोन खोल्या आमच्यासाठी ठेवल्या. वाळवीला औषध मारलं.

घर न विकता सौ.ची ठेव कशी केली, हे विचाराल. तिच्या वडिलांकडून आलेला वाटा होता, तिच्याच नावावर इतकी वर्षं फिक्समध्ये. थोडे दागिने तिने आपणहून मोडले. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "लॉकरात ठेवून कुणासाठी जपू? मला माझ्या नावाचा शिक्का हवाय." एनआरओमधून पैसे पाठवले, त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र घेतलं.

इथे एक मजेची गोष्ट सांगतो. ती माझ्यावर अवलंबून असताना विवाहाचा दाखला लागला होता. आमचं लग्न १९७८ चं. दाखला कुणी काढलाय तेव्हा! पत्रिका होती, फोटो होते, आहेराची वही होती. चव्वेचाळीस वर्षांनी आम्ही बडोद्यात लग्नाची नोंदणी केली. साक्षीदार म्हणून माझा मावसभाऊ आणि तिची मैत्रीण, दोघंही सत्तरीचे. मग त्या दाखल्यावर इकडचे-तिकडचे शिक्के आणि थाई भाषांतर. स्वतःच्या नावावर अर्ज केला तेव्हा तो दाखला लागलाच नाही. तिने तो फाइलमध्ये परत ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, पुढच्या जन्मी उपयोगी पडेल." मी विचारलं, "याच नवऱ्यासाठी?" त्यावर उत्तर मिळालं नाही.

पाचवी आणि शेवटची सूचना. बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना अनेक वेळांचाच काढा. मी पहिल्या वर्षी २,८०० बाथ वाचवायला एका वेळचा काढणार होतो. सौ.ने ऐकलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टात मी एकदा घराच्या कामासाठी बडोद्याला जाऊन आलो, आणि ऑक्टोबरात रात्री साडेअकराला थोरल्या भावाच्या निधनाचा फोन आला. पहाटेच्या विमानाने आम्ही निघालो. पासपोर्टात परवाना होता म्हणून कुठे थांबावं लागलं नाही, नुसते निघालो. दहाव्याला घाटावर उभं असताना मला त्या २,८०० बाथांची आठवण झाली. आपल्या वयात अचानक निघावं लागतं, हे गृहीत धरूनच कागद तयार ठेवावे.

काही जण विचारतील, एवढं सगळं करून तिथे राहायचं कशाला? प्रामाणिक उत्तर देतो. नातू शाळेतून आमच्याकडे येतो, आजीच्या हातचं थालीपीठ खातो आणि माझ्याशी मराठीत भांडतो. इमारतीला लिफ्ट आहे, सौ. रोज बागेत दोन फेऱ्या मारते. गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात, आणि थाई लोकही गणपतीला "फ्रा फिकानेत" म्हणून हात जोडतात. बडोद्यातल्या शेव-उसळीची आठवण येते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलला चेहरा दाखवून पाठवतो, तेव्हा रावपुऱ्यातल्या त्या बाईचीही येते. पण दिवस चांगले जातात. आणि ते जोवर चांगले जातात तोवर दर वर्षी रांगेत उभं राहायची माझी तयारी आहे.

यंदा जूनमध्ये आम्ही दोघं गेलो ते वेगवेगळ्या फायली घेऊन. तिचं खातं मी मुद्दाम आठ लाख दहा हजारांचं ठेवलंय, कार्डाची फी दहा वेळा कापली तरी चालेल. माझा नंबर आधी लागला. माझं झालं आणि मी सवयीने तिच्याबरोबर काउंटरकडे जायला उठलो, तर तिने हाताने बसा म्हणून खूण केली. एकटी गेली. तिथल्या बाईने काहीतरी विचारलं, हिने पासबुक उघडून बोट ठेवून दाखवलं. दहा मिनिटांनी शिक्का घेऊन आली. रिक्षा म्हणजे इथली टुकटुक, तिच्यात बसल्यावर मला म्हणाली, "आता तुम्हाला काही झालं, तर मी निदान सावकाश रडेन."

कडू वाटलं तरी याच वाक्यासाठी मी हे सगळं लिहिलं.

तेव्हा ज्यांनी अंगठे दाखवले त्यांना विनंती. व्हिसाची चौकशी करण्याआधी आज संध्याकाळी घरातली सगळी पासबुकं टेबलावर काढा. फक्त बायकोच्या एकटीच्या नावावर किती आहेत ते मोजा. आणि ते मोजताना तिला शेजारी बसवा.

नियम बदलत राहतात, त्यामुळे निघण्याआधी आजचे नियम स्वतः तपासून घ्या. कुणाला मलेशिया, दुबई किंवा पोर्तुगालकडचा अनुभव असेल तर खाली जरूर लिहा, विशेषतः वहिनी-ताई मंडळींनी. त्यांचं मत अशा चर्चांत फार कमी दिसतं.

चूकभूल द्यावी घ्यावी.